वसुधाचं भाषांतर

वसुधा करमरकर सिनेमा बघताना सतत बोलायची आणि तिला कोणी गप्प बस म्हणत नसे. तिचे सासरे आप्पा यांना पडद्याखालचं इंग्रजी झरझर वाचता येत नसे. त्यामुळे रविवारी दुपारी परदेशातल्या त्यांच्या सँडरिंगहॅम उपनगरातल्या घरात ती जुन्या जपानी सिनेमांचे संवाद मराठीत सांगायची. मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो, म्हणून मलाही बोलावणं असे. तिचा नवरा नीलेश सोफ्यावर झोपलेला असे.

आप्पांना ते युद्धानंतरचे कृष्णधवल संसार आवडत. "आपल्यासारखंच आहे," ते म्हणत. "चपला दाराशी, जेवण जमिनीवर, आणि लग्नाबद्दल मुलगी सोडून सगळे बोलतात."

वसुधा जवळच्या पेनरोज भागातल्या एका गोदामात इंजिनिअर होती. तिथे ती स्पष्ट बोलायची. घरी मात्र तिचं म्हणणं असे, "सगळं बोलून दाखवायची गरज नसते." भाषांतरही ती त्याच बेताने करायची. पडद्यावरची सून तोडून बोलली, की मराठीत ती समजूतदार व्हायची.

२०१६च्या हिवाळ्यात आप्पांचा व्हिसा संपत आला होता. मुदत वाढवायची की पुण्याला परतायचं, हा विषय कोणीच काढत नव्हतं. त्या रविवारी पडद्यावरच्या सुनेने स्वयंपाकघरात नवऱ्याला काहीतरी विचारलं.

"थंडी सरेपर्यंत बाबांना राहू दे म्हणतेय," वसुधा म्हणाली.

"पाठ फिरवून?" आप्पांनी विचारलं. "राहा म्हणणारं माणूस असं उभं राहत नाही."

वसुधाने सिनेमा थांबवला. "ते कधी जाणार, असं विचारतेय."

"हं. आता तुझं सांग."

"मी दमते, आप्पा. कामावरून येऊन सगळ्यांचं करताना जीव जातो. आणि तुम्ही जाऊ नये असंही वाटतं. दोन्ही खरं आहे."

"मग दोन्ही सांगायचं होतंस."

नीलेश जागा झाला. "काय झालं?"

"काही नाही, झोप तू," आप्पा म्हणाले. "मी राहतोय. उद्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. भाताचा गिचका झाला होता.

"कसा झालाय?" आप्पांनी विचारलं.

नीलेश म्हणाला, "छान."

"गिचका झालाय, आप्पा," वसुधा म्हणाली आणि आणखी वाढून घेतला.