खडूची खूण

मेस्त्रींबद्दल खरं सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की त्यांच्या गमती सांगायचो, लोक हसायचे आणि मी सुटायचो. आज गमतींसकट उरलेलंही सांगतो.

उचगावचे गॅरेजवाले मेस्त्री गाडी पाहायला आले की आधी जमिनीवर आडवे व्हायचे. मालक कौतुकानं बॉनेटवरून हात फिरवत असायचा आणि मेस्त्रींचे नुसते पाय बाहेर दिसायचे. खालून आवाज यायचा, "वरनं सगळ्याच गाड्या नवरदेव दिसत्यात. प्वाट बघाय पायजे."

कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरणारे आम्ही चार निवृत्त मास्तर. एका हिवाळ्यात राजस्थानच्या वाळवंटात आठ दिवस तंबू ठोकून राहायचं आमच्या डोक्यात शिरलं. मी शोरूममधली एक उंच, चकचकीत गाडी पसंत केली होती. मेस्त्री तिच्याखालून बाहेर आले. "सर, हिला फकस्त पुढच्या चाकांची वढ हाय. वाळूत बसंल आन् तुमी ढकलत बसशीला. गुडघं कुणाचं धड हायत?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणाचेच नव्हते.

शेवटी कागलजवळ एका गोठ्यामागे धूळ खात पडलेली जुनी जीप त्यांनी निवडली. चारी चाकांना ओढ असलेली. दोन महिने ते तिच्यावर खपले. रुंद टायर चढवले, पाण्याची टाकी बसवली, चाकाखाली घालायला लोखंडी फळ्या केल्या. सामानाची यादी शटरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेली. वस्तू स्वतःच्या हातानं गाडीत ठेवायची, मगच तिच्यापुढे खूण. एकदा मी चेष्टा केली, "मेस्त्री, घरी जायचंही शटरवर लिहिता काय?" ते म्हणाले, "ते न्हाय लागत. बायको हाय की फोन कराय."

शेवटची खूण पायानं हवा भरायच्या पंपाची. तो त्यांनी मागच्या सीटजवळ पट्ट्यानं आवळून बांधला. तेव्हा गॅरेजात आम्ही दोघंच होतो. "ध्यान द्या सर. वाळूत शिरताना टायरची निम्मी हवा सोडायची, म्हंजे गाडी रुतत न्हाय. डांबरीवर आलासा की परत भरायची. न्हायतर टायर फाटत्यात. सगळं इसरा, ह्यो पंप इसरू नगासा."

निघायच्या सकाळी पातेलं बसेना. वाळवंटात तांबडा रस्सा करायचा माझा हट्ट. माणसं चार आणि पातेलं चाळिसांचं! मित्र यायच्या आत मी पंप सोडला, घराच्या जिन्याखाली ठेवला आणि त्या जागी पातेलं कोंबलं.

टायरची निम्मी हवा सोडल्यावर वाळूत जीप म्हशीसारखी निवांत चालली, कुठं अडली म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी डांबरी रस्ता लागला. मित्रानं विचारलं, "पंप कुठाय?" माझ्या तोंडून गेलं, "मेस्त्री विसरले वाटतं." जवळपास गाव नव्हतं. तसेच निघालो आणि दोन टायर फाटले. सहल तिथंच संपली. रस्सा मात्र झकास झाला होता.

परत आल्यावर मित्रांनी मेस्त्रींना धारेवर धरलं. "अहो, पंपच विसरलासा?" मेस्त्री शटरपाशी गेले. खूण होती. ती बोटानं चाचपत त्यांनी मला विचारलं, "सर, तुमच्यासमोर बांधला हुता की न्हाय?"

मी म्हणालो, "सांगितलं होतंत. बांधल्याचं काय आठवत नाही."

"मग न ठेवताच खूण क्येली आसंल," ते म्हणाले.

त्यानंतर मेस्त्री एकेक नट तीन-तीनदा पाहू लागले. शटर लावून अर्ध्या वाटेतून कुलूप तपासायला परत जायचे. गाडीखाली मात्र जाईनात. वर्षभरात त्यांनी गॅरेज बंद केलं. "डोस्क्याचा भरवसा न्हाय ऱ्हायला सर. गाडीत लोकांचा जीव असतोय."

गेल्या वर्षी ते आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी पंप पिशवीत घालून उचगावला गेलो. पिशवी उघडायच्या आत त्यांनी माझा हात धरला. "त्या पंपाचं लई लागून ऱ्हायलंय सर. माफी करा."

आणि मी म्हणालो, "असू दे मेस्त्री. होतं असं."

पिशवी तशीच परत आणली. आठवड्यानं मेस्त्री गेले.

आता पंप टेबलावर आहे, समोरच. मेस्त्री, तुमची खूण खरी होती. पंप मी काढला होता.