आम्ही पक्षी पाळत नाही

आमच्या डोंबिवलीच्या घरातून आजवर एकाही पक्ष्याला हाकललेलं नाही, याचा मला भारी गर्व होता. जाईच्या वेलात बुलबुल, मीटरच्या पेटीवर चिमण्या. एका वर्षी तर शिंजिरीने कपड्यांच्या दोरीलाच घरटं टांगलं. महिनाभर मी त्या दोरीवर साधा रुमाल वाळत घातला नाही. ओल्या चादरी घरभर खुर्च्यांवर पसरलेल्या. हे, म्हणजे माझे यजमान, एकदाच म्हणाले, की आता माणसांनी बसायचं कुठे तेवढं सांगून ठेव.

कबुतरांचं कौतुक मात्र मला कधीच नव्हतं. ती आली, राहिली, आणि पुढचं सगळं भटाला दिली ओसरी तसं झालं. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी आहे, तिथे वॉशिंग मशीन, बादल्या, जुनं सामान. मेल्यांनी ती अख्खी बाल्कनी ताब्यात घेतली. कठड्यावर घाण, मशीनवर घाण, पिसं तर थेट पोळपाटापर्यंत. हे निवृत्त झालेले, वेळ हाताशी, म्हणून सफाईचं काम मी त्यांच्याकडे दिलं. रोज सकाळी चहा झाला की ते जुनं उलथनं घेऊन वाळलेली घाण खरवडायचे आणि मग केरसुणीने खसाखसा झाडायचे. एवढी धूळ उडायची की मी मधलं दार लावून घ्यायचे. धूळ माझ्या फोडणीत नको, एवढीच अक्कल मला होती.

त्याच वर्षी लेक बाळंतपणाला आली. ती शीळफाट्याच्या पुढे नव्या वसाहतीत राहते. तिचं पहिलं राहिलं नव्हतं, चौथ्या महिन्यात गेलेलं. त्यामुळे या खेपेला डोहाळजेवण होईपर्यंत कुणी मोठ्याने हसलंही नाही. सातव्यात मी तिला घेऊन आले, आणि त्याच आठवड्यात मशीनमागच्या फुटक्या टबात कबुतरीने दोन अंडी घातली.

ह्यांना तेव्हा बारीक खोकला सुरू झालेला. ते म्हणाले, टब खाली ठेवून येतो, बाल्कनीला जाळी मारून टाकू. मी हात धरला. आमच्या कोकणातल्या आईचा नेम होता: घरात पोटुशी असताना कुणाचं घरटं हलवायचं नाही, अंड्याला तर बोटही लावायचं नाही. एरवी मी शकुन-अपशकुन मानणारी बाई नाही. मांजर आडवी गेली तर मी मांजरीलाच बाजूला हो म्हणते. पण एकदा तोंड पोळल्यावर माणूस ताकसुद्धा फुंकून पितं. म्हटलं, राहू दे. तिचंही बाळंतपणच आहे. एका घरात दोन बाळंतिणी होतील, त्यात काय.

ह्यांनी केरसुणी उचलली आणि टबाच्या कडेने हळूच झाडायला लागले.

खोकला वाढला. सितोपलादी झालं, ज्येष्ठमध झालं, घरच्या डॉक्टरांचं पातळ औषध झालं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे दुसऱ्या मजल्यावर थांबून किल्ली शोधायला लागले. किल्ली शर्टाच्या खिशात असायची, मला वरून दिसायची. लेकीला नववा लागायच्या आधी आम्ही कल्याणला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. ह्यांना आतल्या खोलीत नळीत फुंकायला नेलं, आणि डॉक्टर माझ्याकडे वळून माहिती विचारायला लागले. विडी-सिगारेट? नाही. घरात कुणाला दमा? नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात पक्षी पाळता का? कबुतरं वगैरे?"

मी म्हटलं, "छे हो. आम्ही कुत्रं-मांजरसुद्धा पाळत नाही."

आणि हे मी तोऱ्यात सांगितलं. शेजारच्यांसारखे पिंजऱ्यात पोपट कोंडणारे आम्ही नव्हे, असा तो तोरा. खोटं बोलतेय हे मनातसुद्धा आलं नाही. पाळणं म्हणजे दाणे घालणं, नाव ठेवणं, पिंजरा धुणं. मी तर त्यांना सकाळ-संध्याकाळ शिव्या घालत होते. डॉक्टरांनी कागदावर खूण केली, ओढायचा पंप लिहून दिला आणि महिन्याने या म्हणाले.

लेक सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, गोरीगोमटी, डोक्यावर हे जावळ. मी सुटले. टबातली पिल्लंही उडाली, पण कबुतरी मेली कसली थांबते? पुन्हा दोन अंडी. आता घरात ओली बाळंतीण, म्हणून नको. मग बारसं होऊ दे. मग लेक सासरी गेली, तेव्हा टबात उघडी-नागडी पिल्लं होती, म्हणून ती उडू देत. कारण मला दर वेळी सापडत होतं. पंपाने दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. महिन्या-महिन्याने आम्ही कल्याणला जायचो आणि पंप बदलून यायचो. आणि हे रोज सकाळी चहा झाला की केरसुणी घेऊन बाल्कनीत.

नात सहा महिन्यांची झाली तेव्हा ह्यांना तिला कडेवर घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाववेना. जावई आम्हाला ठाण्याला वर्तकनगरजवळच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. छातीचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी तो प्रकाशासमोर धरला आणि मला वेगळ्याच शब्दांत विचारलं, की खिडकीत, बाल्कनीत कबुतरं येतात का?

मी म्हटलं, येतात कसली, राहतातच की.

त्यांनी स्कॅन खाली ठेवला. मग समजावून सांगितलं, की त्या घाणीची आणि पिसांची कोरडी धूळ श्वासातून आत जाते, काही माणसांना ती सोसत नाही, फुफ्फुसं आतून घट्ट होत जातात. लवकर कळलं असतं तर बरीचशी भरून आली असती. आता जेवढी उरलीत तेवढी सांभाळायची. कुणी विचारलं नव्हतं का तुम्हाला आधी, असं ते म्हणाले. मी स्कॅनचं पाकीट पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी जाळीवाला आला. तोंडाला फडकं बांधून, सगळी बाल्कनी आधी ओली करून, तो टब मी स्वतः उचलला. आत दोन अंडी होती. लेकीच्या वेळची दया मी आठवून पाहिली, पण आली नाही. खोटं कशाला सांगू? टब अंड्यांसकट कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घातला आणि गाठ मारली. कबुतरी चार दिवस जाळीवर येऊन आपटत होती. मी भांडी घासत होते.

आता घरात प्राणवायूचं यंत्र आहे, दिवसभर घुरघुरतं. नाकात नळी लावून हे खुर्चीत बसतात. नात आली की समोर रांगते आणि नळी ओढते. आणि माझं ते 'छे हो' माझी पाठ सोडेना. देवापुढे बसले तरी तेच, पोळ्या लाटताना तेच. ह्यांना ते माहीत नव्हतं, कारण तेव्हा ते आतल्या खोलीत होते. डॉक्टरांची चूक झाली असं हे समजत असणार, आणि मी ते समजू देत होते. याची मला जास्त लाज वाटायची.

शेवटी एका दुपारी सांगून टाकलं. म्हटलं, अहो, कल्याणच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हणाले. पाळता का म्हणाले म्हणून नाही म्हणाले. तुमची ही दशा माझ्यामुळे आहे.

ते बराच वेळ श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, "मलाही विचारलेलं. आत. त्या फुंकायच्या खोलीत. ती मुलगी कागदावरचं वाचत होती... बाल्कनीत कबुतरं आहेत का, असं अगदी स्वच्छ विचारलं तिने. मी नाही म्हटलं."

मला आधी कळेचना. मी विचारलं, का?

"हो म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी घरटं काढलं असतंस. आणि पोरीचं काही बरंवाईट झालं असतं..." पुढचं त्यांना बोलवेना.

मी म्हटलं, अहो, मग ती सुटल्यावर तरी सांगायचं होतं.

"तोवर वाटलं," ते म्हणाले, "आपोआप बरा होईन."

मला असा संताप आला, की समोरची कपबशी भिंतीवर फेकावी. छत्तीस वर्षांच्या संसारात आमच्याकडे भांडण कधी अर्ध्यावर सुटलेलं नाही. मी चार शब्द बोलायचे, ते दोन बोलायचे, मग मी आठ. आताही माझ्या तोंडात आठ शब्द तयार होते. पण मी बोलले असते तर त्यांना उत्तर द्यावंसं वाटलं असतं, आणि त्यांच्याकडे तेवढा श्वास नव्हता. म्हणून मी गप्प बसले.