देवरामचा साडेअकराचा हट्ट

देवरामला इंजिनातलं कळत होतं, माणसातलं ओ की ठो कळत नव्हतं. हरसूलकडच्या डोंगरातला हा माणूस नाशिकजवळच्या अंबडच्या एका गॅरेजात चौदा वर्षं राबला आणि बायकोसह, भिमाबाईसह, गॅरेजमागच्याच खोलीत राहिला. शर्यतीच्या टर्बो गाड्यांची इंजिनं जुळवण्यात नाशकात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नाव मात्र मालकाचं, शेखरचं व्हायचं. देवरामला त्याचंही काही वाटत नसे, इतका तो खुळा.

त्याचा एकच हट्ट होता. टर्बो इंजिनात जोरात हवा कोंबायला लागला की हवा साडेअकरा भाग आणि पेट्रोल एक भाग. पेट्रोल जास्त जळतं, ताकद थोडी कमी मिळते; पण जादा पेट्रोल आतली आग थंड ठेवतं आणि पिस्टन वितळत नाही. गिऱ्हाईक कितीही नाचलं तरी तो त्यापुढे सरकायचा नाही.

दोन हजार चार साली सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा सुनील आपली गाडी घेऊन आला. शर्यत कसारा घाटाच्या खाली होती आणि त्याला ताकद हवी होती. शेखरनं मिश्रण दाखवणाऱ्या मीटरकडे बघत फर्मावलं, "साडेबारावर ने."

"नगं साहेब. इथं साडेबारा दिसतंय, पण खाली हवा दाट हाय. यंत्र पेट्रोल तेवढंच सोडणार. खाली तेराच्या वर जाईल, पिस्टन राहायचा नाय."

"हवा दाट म्हणे! डोंगरातून आला आणि मला हवा शिकवतो," शेखर म्हणाला. सगळे खो खो हसले, सुनील सर्वांत जास्त. शेखरनं देवरामला बाजूला ढकललं आणि स्वतःच्या हातानं आकडा साडेबारावर नेला. नाशकातच गंगापूर रोडवर गाडी अशी उधळली की सुनीलनं शेखरला मिठीच मारली.

घाट उतरल्यावर चौथ्या मैलाला इंजिनात डब्यात खडे वाजावेत तसा आवाज झाला आणि दोन पिस्टनना भोकं पडली.

गाडी टो करून आणली तेव्हा सुनील पिसाळला होता. शेखरनं देवरामला आत घेतलं, दार लावलं आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू अंगावर घे. माझं नाव गेलं तर गॅरेज बंद, मग तू आणि भिमाबाई कुठे जाणार? तू हो म्हण, तुझी नोकरी आणि खोली माझ्या जबाबदारीवर."

देवराम बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेबांच्या मागं मी आकडा हलवला. माझ्याच हातनं झालं." सुनीलनं त्याच्या थोबाडीत मारली. शेखर मध्ये पडला, पण मारून झाल्यावर.

तीन आठवडे खपून देवरामनं ते इंजिन पुन्हा बांधलं. घाटाखालचा हिशेब धरून मिश्रण इथं अकराच्या खाली आणलं, म्हणजे खालच्या दाट हवेत ते साडेअकरावर बसेल. या वेळी मालक एका शब्दानं आडवा आला नाही. सुनील मात्र मीटरपाशी उभा राहून प्रत्येक आकडा तपासत होता, चोरावर नजर ठेवावी तसा. गाडी घाटाखाली दिवसभर पळून धडधाकट परतली.

"मालकाची नजर असली की फरक पडतोच!" सुनील म्हणाला. शेखर हसला.

गाडी फाटकाबाहेर गेली आणि तो देवरामकडे वळला. "खोली रविवारपर्यंत रिकामी कर. ज्यानं इंजिन फोडल्याचं चारचौघांत कबूल केलं, त्याला ठेवला तर माझ्याकडे गाड्या कोण आणेल?"

"साहेब, तुम्हीच म्हणला व्हता..."

"मी? कोणासमोर?"

त्या दिवशी दाराला खरंच कडी होती आणि आत दोघंच होते. निर्लज्ज माणसाला एवढं पुरतं.

देवराम खोलीत आला आणि भांडी पोत्यात भरू लागला. भिमाबाईनं त्याची ती कबुली खिडकीतून ऐकली होती, थप्पडही पाहिली होती. आज त्यानं तिला खरं काय घडलं ते पहिल्यांदा सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मालकाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला तरी खरं सांगा. तुमच्याच हातनं फुटलं ना?"