पनवेलची भाची

आमच्या घरी दोन मुलगे जन्मले. त्यांतली धाकटी मुलगी होती, हे कळायला आम्हाला सहा वर्षे लागली. तिला स्वतःला ते पहिल्यापासून ठाऊक होते. घरात पदवीधर आम्ही दोघेच असल्यामुळे उशीर झाला!

ऐंशीच्या दशकातली वाशी ती. इमारती उगवल्या होत्या, झाडे यायची होती. संध्याकाळी खाडीवरून खारट, चिखलट वारा येई आणि दोरीवरच्या कपड्यांना मिठाचा वास लावून जाई. (त्या वासावर मी एक दीर्घकविता आरंभली होती. कपडे मात्र आत घ्यायचे राहत.) नवरात्रात, मूळच्या साताऱ्याच्या साठेकाकूंनी खालच्या अंगणात भोंडला सुरू केला. मधोमध पाटावर हत्ती काढलेला, भोवती हात धरून फेर धरणाऱ्या मुली, आणि शेवटी रोज एकीच्या घरून झाकून आलेली खिरापत. डबा हलवायचा, हुंगायचा, आणि आत काय आहे ते ओळखायचे. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही.

पहिल्याच दिवशी आमची नंदू फेराजवळ जाऊन हात पुढे करून उभी राहिली.

“नंदू, बाजूला हो रे,” काकू म्हणाल्या. “भोंडला मुलींचा असतो.”

“मग मी आहे ना,” नंदू म्हणाली.

मुली फिदीफिदी हसल्या. तो पुढे केलेला हात तसाच रिकामा राहिला, आणि मला दुसरे काही दिसेनासे झाले. घरी येऊन मी माझी मोरपिशी इरकल फाडली आणि परकर शिवायला बसले. शिवणात माझी गती कवितेइतकीच मुक्त! परकर एका बाजूने ओहोटीसारखा खाली गेला, दुसऱ्या बाजूने भरतीसारखा वर आला. नंदूने तो नेसून एक गिरकी घेतली आणि आरशासमोर इतकी शांत उभी राहिली, की इतकी शांत मी तिला कधी पाहिलीच नव्हती.

“पण काकू पुन्हा हाकलतील,” मी म्हटले.

“टेन्शन कशाला घेतेस?” आमचे हे म्हणाले. “पनवेलची भाची म्हणून सांगू. नाव काय गं तुझं?”

“जुई,” नंदू तत्क्षणी म्हणाली. नाव तिच्याजवळ तयारच होते.

दुसऱ्या दिवशी माझे जुने गंगावन आणि दोन रिबिनी लावून जुई फेरात शिरली. दोन्ही बाजूंनी तिचे हात धरले गेले. ती अशी नाचली, की तिसऱ्या गिरकीला गंगावन सुटले आणि थेट पाटावरच्या हत्तीला शेपटी होऊन चिकटले! साठेकाकूंनी ते निमूट उचलले, पोरीच्या डोक्यात खोचले आणि म्हणाल्या, “पनवेलच्या मुलींचे केस फारच नाजूक बाई!”

प्रश्न मात्र सुरू झाले.

“भाची आली की नंदू दिसत नाही तो?”

“तो पनवेलला जातो,” हे म्हणाले.

“म्हणजे ती इकडे, तो तिकडे?”

“अदलाबदल. मुलांना हवापालट बरा असतो.”

“बरं झालं,” काकू म्हणाल्या. “पनवेलला माझी बहीण असते, स्टँडच्या मागे. तेवढी लोणच्याची बरणी पोचवा.”

थाप आम्ही मारली आणि एस.टी.ची धूळ ह्यांनी खाल्ली! रविवारी हे बरणी घेऊन गेले आणि तिन्हीसांजेला परतून काकूंना म्हणाले, “ताई भेटल्या. चहा केला. लोणचं चाखून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.”

त्यातच जुई रुसली. “सगळ्यांच्या घरची खिरापत झाली. माझी कधी?”

“अगं, पाहुण्या मुलीची पाळी नसते.”

“मी कुठे पाहुणी आहे?”

तोडगा ह्यांच्याजवळ होता: “खिरापत पनवेलहून आली म्हणून सांगू!”

मी नारळाच्या वड्या करायला घेतल्या. पातेल्यात खोबरे आणि साखर एकजीव होऊ लागली, वेलदोड्याचा सुगंध उठला, त्या सुगंधावर मला एक ओळ सुचली, ती उतरवायला मी बाहेरच्या खोलीत गेले, आणि दुसरी ओळ जुळेपर्यंत वड्यांचा रंग हत्तीचा झाला होता. दुसरा नारळ घरात नव्हता. डबा गच्च झाकून खाली नेला.

“पनवेलची खिरापत!” ह्यांनी जाहीर केले.

फेरातल्या शुभाने डबा हलवला. आत खणखणाट झाला.

“सागरगोटे?”

“खाण्याचं सांग गं!”

“खडीसाखर?”

तेवढ्यात खाडीकाठच्या गावातल्या हिरामावशी पुढे झाल्या. भोंडला त्यांच्याकडचा नव्हे. त्या रोज गंमत बघायला येत. त्यांनी डब्याला नाक लावले.

“आवो, ह्यो वास पनवेलचा नाय,” त्या म्हणाल्या. “ह्यो तर तुमच्या जिन्यातला रोजचा वास हाय!”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या करपवण्याची कीर्ती चारही मजल्यांवर होती. आता पोरीला फेराबाहेर काढतील, या भीतीने मी तिच्याकडे धावले. पण जुई हात न सोडता उभी होती.

“माझ्या आईने केलंय,” ती म्हणाली. “ही माझी आई आहे. मी पनवेलची नाही. मी वरच्या मजल्यावरची आहे.”

“पोर तुमचीच हाय, ते आमाला पयल्या दिवशी समजला,” हिरामावशी म्हणाल्या. “आमाला का डोले नाय?”

“मी बाजूला हो म्हटलं, त्या दिवशी मला घास गेला नाही,” साठेकाकू सावकाश म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी परकर नेसून आली, तेव्हा म्हटलं, सुटले बाई! पण तुम्ही आईबाप तिला भाची काय म्हणता? तुम्ही कधी कबूल होता, तेच बघत होते. आणि माझी बहीण कऱ्हाडला असते. पनवेलला माझं कुणीसुद्धा नाही.”

आता सगळ्या माना ह्यांच्याकडे वळल्या. हे पाटावरच्या हत्तीचे बारकाईने निरीक्षण करू लागले. (स्टँडच्या मागे ताई सापडल्याच नव्हत्या; बरणी सोमवारी ऑफिसातल्या मंडळींनी संपवली होती. डोळ्यांत पाणी आले, एवढे खरे.)

“नारळाच्या वड्या!” जुईने स्वतःच ओळखले आणि झाकण उघडले. काकूंनी एक वडी तोंडात टाकली. बराच वेळ त्यांना बोलता आले नाही.

त्या दिवसापासून मला “नंदूच्या आई” म्हणून कुणी हाक मारली नाही. पुढे किती तरी वर्षे जिन्यात वास सुटला की खालून आवाज येई, “जुईच्या आईऽऽ, गॅऽऽस!” मला आजवर सुचलेल्या साऱ्या ओळींपेक्षा ती ओळ मला सुरेख वाटते. अडचण एवढीच, की ती ऐकून मी भारावून जागच्या जागी उभी राहत असे, आणि वड्या करपायच्या त्या करपतच!