दुधी आखूड झाला तेव्हा

पिंपळनेरजवळच्या शाळेत माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. लांबी शिकवायची म्हणून मी प्लास्टिकचे जोडायचे ठोकळे काढले. पाट्या, पुस्तकं, एकमेकांचे हात असं सगळं मोजून मुलं दोन दिवसांत कंटाळली. मग त्यांना परसबागेत कुंपणावर लोंबणारा दुधी सापडला. रोज प्रार्थनेनंतर ठोकळे एकावर एक जोडून काठी करायची, दुधीला लावायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा. शुक्रवारी आकडा सतरा होता.

सोमवारी मला उशीर झाला होता, म्हणून काठी मीच घाईघाईने जोडली. मोजले तर पंधरा.

"मॅडम, दुधी धाकला व्हई गया," एकजण घाबरून म्हणाला.

"अक्कानी कापा व्हई," दुसऱ्याने निकाल दिला.

अक्का म्हणजे आमच्या खिचडी शिजवणाऱ्या बाई. त्या हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आल्या. "मी कापला असता तर टोकाला काप दिसला नसता का? बघा ना, फुलाची खूण अजून तशीच आहे." खूण खरंच होती. तरी मुलं त्यांच्याकडे संशयानेच बघत होती, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मीही.

वर्गात फारसं न बोलणारी एक मुलगी तेवढ्यात पुढे आली. तिने माझ्या हातातली काठी घेतली, निरखली आणि हळूच म्हणाली, "हाई ढिलं शे."

मग तिने काठी जमिनीवर उभी धरून वरून जोरात दाबली. कट्, कट्, कट्. ठोकळे एकमेकांत बसले आणि काठी चांगलीच आखूड झाली. आता ती दुधीला पुरेना. मुलीने एक ठोकळा जोडला, दुसरा जोडला, तिसरा जोडला, आणि काठी टोकाला पोहोचली.

"अठरा," सगळे एकदम म्हणाले.

दुधी एका ठोकळ्याने वाढला होता. फटी मी ठेवल्या होत्या आणि आळ अक्कांवर आला होता. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. मुलांनीही मागितली, पण त्यांना घाई होती. त्या मुलीभोवती काठी दाबून बघायला रांग लागली होती.

"माफी राहू द्या," अक्का म्हणाल्या. "उद्या दुधी जून व्हायच्या आत उतरवू. चिरायला मात्र तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी मी विळीवर बसले. चार फोडी झाल्या नाहीत तोच अक्का म्हणाल्या, "मॅडम, जरा बारीक करा, लवकर शिजेल. पोरांना भूक लागली आहे."