ब्रेकबद्दल ताईने काढलेलं पत्रक

आमच्या घरात मोठं भांडण कागदावर होतं. आप्पा आयुष्यभर सुरतेत नवागामच्या आसपासच्या खात्यांमध्ये, म्हणजे कापडाच्या कारखान्यांत, लूम चालवत होते आणि सुट्टीच्या दिवशी सोबत्यांबरोबर पत्रकं काढत होते. लूमच्या फिरत्या पट्ट्यांना जाळी बसवा, पाण्याची टाकी धुवा, चालू लूम पुसायला लावू नका. झेरॉक्सच्या दुकानातून गरम गठ्ठे यायचे आणि ताई नि मी जमिनीवर बसून घड्या घालायचो. मी अक्षरं त्या कागदांवरच ओळखायला शिकले. आप्पांचा नियम होता की पत्रकाला तीन दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. जो देणार नाही त्याला सगळ्या मागण्या मान्य आहेत असं धरायचं. शेठ लोकांनी कधीच लेखी उत्तर दिलं नाही. त्यामुळे आपण आजवर एकही लढाई हरलेलो नाही, असं आप्पा जेवताना सांगायचे, आणि आई विचारायची की उद्यापासून त्या मान्य झालेल्या मागण्याच ताटात वाढू का.

अशा घरातली मुलगी वर्षातून दोनदा गाडी घेऊन ट्रॅकवर गोल गोल फिरायला जाते, हे पुष्कळांना खटकतं. सुरतेपासून काही तासांवर एक खाजगी ट्रॅक आहे. हौशी लोक तो दिवसभरासाठी भाड्याने घेतात, आणि प्रत्येकजण आपली वर्गणी भरून आपली गाडी हवी तितकी जोरात पळवतो. हा शेठांच्या पोरांचा खेळ आहे, असं मला आमच्याच लोकांनी सुनावलंय. माझं म्हणणं सरळ आहे. आनंद कुणाच्या बापाने विकत घेऊन ठेवलेला नाही. वळण नीट घेता आलं की मला आठवडाभर बरं वाटतं, आणि त्याची माफी मी मागणार नाही.

गाडी मात्र माझी एकटीची नाही. जुनी, छोटी हॅचबॅक, ताईने आणि मी मिळून घेतलेली. रोज सकाळी साडेसहाला ताई ती घेऊन कतारगामला जाते. तिथल्या शाळेत ती शिकवते. संध्याकाळी आणि रविवारी गाडी माझ्याकडे.

पहिल्यांदा ट्रॅकवर गेले तेव्हा चौथ्या फेरीत ब्रेकचं पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली गेलं. जळका वास आला आणि मी वळण सोडून सरळ गवतात घुसले. कुणाला काही झालं नाही. पण पाय दाबावा आणि गाडीने ऐकू नये, ही भीती अंगात राहिली. तिथल्या एकाने मोठ्या डिस्कचा अख्खा सेट बसवायचा सल्ला दिला. त्याच्या सेटच्या किमतीत आमची अर्धी गाडी आली असती.

उधन्याला आमचे गॅरेजवाले काका आहेत, आप्पांच्या तालुक्यातलेच. त्यांनी बाटलीत जुनं ब्रेक ऑइल काढून दाखवलं, उकळून उकळून काळा पडलेल्या चहासारखं. त्यात वर्षानुवर्षं ओल शिरलेली असते, ते तापलं की उकळतं, आणि मग पेडल खाली जातं. काकांचा इलाज स्वस्त होता. जास्त उष्णता सोसणारं नवं ऑइल भरायचं, सगळी हवा काढायची, डिस्क जाड आहेत त्या तशाच ठेवायच्या, आणि पॅड जरा वरच्या दर्जाचे घ्यायचे, पण रस्त्यावर चालणारे.

ऑइल मी भरून घेतलं. पॅडच्या बाबतीत मला घाई झाली. ट्रॅकवरच्या एका ओळखीच्याने त्याचे अर्धे वापरलेले रेसिंगचे पॅड जवळजवळ फुकटात दिले. काकांनी ते हातात फिरवले आणि सांगितलं की हे तापल्याशिवाय धरत नाहीत. थंड असताना गाडी थांबायला जास्त जागा घेईल. मग त्यांनी विचारलं की सकाळी गाडी ताई नेते ना. मी म्हटलं, तिला मी सांगते. त्या शब्दावर त्यांनी पॅड बसवून दिले.

मी तिला सांगितलं नाही. विसरले असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं होईल. ती नाही म्हणेल हे मला माहीत होतं.

पंधरा-वीस दिवस गाडी दर सिग्नलला किंचाळत होती. ब्रेकचं ऑइल बदललंय एवढंच ताईला माहीत होतं; तिला वाटलं, नवीन काम आहे, आवाज होणारच. मग एका सकाळी, घरापासून फार लांब गेलीही नव्हती, एक बाई मोपेडवर मुलाला पुढे उभं करून गल्लीतून अचानक समोर आली. ताईने ब्रेक दाबला. गाडी जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. तिने हँडब्रेक ओढला आणि मोपेडपासून वीतभर अंतरावर गाडी उभी राहिली. त्या बाईने तिला चार शिव्या दिल्या, ताईने त्या ऐकून घेतल्या, आणि शाळा सुटल्यावर ती थेट काकांकडे गेली. काकांना वाटत होतं तिला सगळं ठाऊक आहे. त्यांनी सगळं सांगितलं.

संध्याकाळी मी घरी आले तर फ्रिजवर पत्रक लावलेलं. ताईचं फळ्यावरचं टपोरं अक्षर. वर माझा उल्लेख 'गाडीच्या व्यवस्थापनास' असा. खाली मागण्या: रेसिंगचे पॅड ताबडतोब काढावेत, गाडीत काय बदललं ते दोघींना कळावं, ट्रॅकवर नेमकं काय चालतं ते दुसऱ्या चालकास प्रत्यक्ष दाखवावं. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: 'ज्या ब्रेकवर माझा पाय असतो, त्याचा निर्णय माझ्याशिवाय होणार नाही.'

ताई समोर वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "गाडी तुनी एकलीनी नही शे वं." रागावली की ती अहिराणीतच बोलते.

मी उत्तर लिहायला बसले. चांगलं तापून लिहिलं. आजवर एकही अपघात झालेला नाही. चालवणाऱ्यानेही थोडी खबरदारी घ्यावी. सारखे पॅड बदलणं परवडणारं नाही. लिहून झाल्यावर वाचायला घेतलं आणि माझे कान गरम झाले. लहानपणी आमच्या दारात उभं राहून शेठचे मेहताजी, म्हणजे मुनीम, आप्पांना हेच ऐकवायचे, ह्याच क्रमाने. जाळीबद्दल.

आप्पांनी माझ्या हातातला कागद घेतला. लूमच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत, त्यामुळे त्यांचं हळू बोलणंही शेजारच्या घरात कळतं. ते एवढंच बोलले, "जाळी काढणारा माणूस पट्ट्यापाशी उभा राहत नाही कधी."

आयुष्यात मी पुष्कळ घोषणा दिल्या. मोर्चात पहिल्या रांगेत राहिले. आपल्या हौसेसाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणारे लोक मला नेहमी समोरच्या बाजूला दिसत होते. त्या संध्याकाळी ते लोक म्हणजे मी होते. ताईने आरडाओरडा केला असता तर मीही केला असता आणि हे मला दिसलं नसतं. तिने मला माझ्याच भाषेत लिहिलं, म्हणून मी वाचू शकले. ह्या एका गोष्टीसाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी मी उत्तर दिलं. सर्व मागण्या मान्य. खाली सही. आप्पांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. त्यांच्या हयातीत पत्रकाला आलेलं हे पहिलं लेखी उत्तर होतं.

पॅड बदलेपर्यंत ताई शाळेत बसने गेली. शनिवारी आम्ही दोघी काकांकडे गेलो आणि त्यांनी आधी सुचवलेले पॅड बसवले. ब्रेकमधली हवा पुन्हा काढताना पेडलवर पाय ठेवून ताई बसली. काका खालून ओरडायचे, दाबा, सोडा, दाबा. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून दरवेळी थोडी हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही, असं कितीतरी वेळा केलं, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात. ते ताईनेच केलं. नंतर आठवडाभर ती सकाळी गल्लीत, गाडी गार असताना, मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघायची आणि मला रोजचा अहवाल द्यायची. शुक्रवारी ती म्हणाली की आता ठीक आहे.

पुढच्या ट्रॅकच्या दिवशी ताई बरोबर आली. मी तीन फेऱ्या जोरात घ्यायचे, चौथी सावकाश, ब्रेक गार व्हायला, आणि मग गाडी उभी करून थांबायचे. पॅड देणारा ओळखीचा हसला, म्हणाला की तू तर शाळेची व्हॅन चालवतेस. ताईने त्याला सांगितलं की बरोबर आहे, शाळेचीच आहे. दुपारपर्यंत पेडल जिथल्या तिथे होतं.

चारच्या सुमारास हळू गाड्यांची फेरी होती. ताईने हेल्मेट मागितलं, फॉर्मवर सही केली आणि चालकाच्या बाजूने आत बसली. मला डावीकडे बसायला सांगितलं.

सरळ रस्ता संपत आला. वळण समोर मोठं होत गेलं, मी जिथे ब्रेक मारते ती जागा मागे गेली, आणि ताईचा पाय अजून ॲक्सिलरेटरवर. माझा उजवा पाय आपोआप पुढच्या रबरी चटईवर गच्च दाबला गेला.

तिने ते पाहिलं. "तठे ब्रेक नही शे वं," ती म्हणाली, आणि पूर्ण पाय देऊन तिचा ब्रेक दाबला.