कावडीचा खांदा

वेल्ह्याच्या डोंगरात हिरडा गोळा करून तो कावडीने भोरच्या बाजारात न्यायचा, हे काम धाकटे चुलते आणि मी करत असू. तेव्हा मी विशीत होतो. बांबूच्या दोन टोकांना भरलेल्या टोपल्या, आणि मधला बांबू खांद्यावर. मी तो कायम उजव्या खांद्यावर, मानेला चिकटून घेई. तिथून तो घसरत नसे.

दुसऱ्या हंगामात उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर व्हायला लागले. आधी चालताना मुंग्या येत, कावड उतरवली की जात. पुढे घरी आल्यावरही राहू लागल्या. शिंक्यातले मडके काढायला हात वर केला की दंड जड होई. एकदा लाकूड तोडताना कोयताच हातातून गळाला. चुलते त्याला कामचुकारपणाची सोंगे म्हणत. आईने वात समजून मनगटावर तापल्या सळईने डाग दिला. डाग पिकला, बोटे तशीच राहिली.

शेवटी बाजार उरकून चुलते आणि मी भोरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मनगटाकडे पाहिलेही नाही. दोन्ही हात वर धरून मुठी उघडझाप करायला लावल्या. डावा चालत राहिला, उजवा थोड्याच वेळात खाली आला. मग त्यांनी गळ्याच्या हाडामागच्या खळगीत अंगठा दाबला. करंगळीपर्यंत झिणझिण गेली.

“दुखणं बोटांत नाही,” ते म्हणाले. “मानेतून हातात उतरणारी नस इथं दबते आहे. कावड सोडा.”

चुलत्यांनी औषध मागितले. ओझे आहे तोवर औषधाचा उपयोग नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

परतीला उत्रोलीजवळ चुलते बांधावर बसले. त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. शेवटची दोन बोटे वाकलेली होती, अंगठ्याजवळचे मांस झडून तिथे खळगा पडला होता. रोज सोबत चालूनही मी तो हात कधी नीट पाहिला नव्हता.

“धा वर्सं झाली,” ते म्हणाले. “कुणाला सांगितलं न्हाई. सांगून कावड कुणी उचलली असती?”

घरापर्यंत माझी रिकामी कावडही त्यांनीच आणली. मी शेरडांमागे जाऊ लागलो. वर्षभरात बोटांत जाणीव परतली, पकड मात्र थोडी कमीच राहिली. चुलत्यांनी आणखी दोन हंगाम ओझी वाहिली, मग आम्ही तट्टू घेतले. त्यांची बोटे सरळ झाली नाहीत. भाताचा घास ते तीन बोटांनीच उचलत.